चढत्या चंद्रावर भरलेली बाटली

माझी धाकटी बहीण देल्फिना तोरीनोच्या मोटार कारखान्यातल्या फिटरशी लग्न करून गेली, ते १९६४ साल. आई मार्चमध्येच गेली होती, म्हणून नवरीने सुतकाचा काळा कोट घालूनच लग्न लावलं. एप्रिल संपता संपता तीही तोरीनोला राहायला गेली, आणि बेल्बो नदीवरच्या आमच्या टेकडीवर बाबा आणि मी, दोघेच उरलो. मी चौतीस वर्षांचा होतो. घरात बाई नव्हती आणि आसपासच्या टेकड्यांवर लग्नाची मुलगी नव्हती. सगळ्या कारखान्यांकडे उतरून गेल्या होत्या. द्राक्षवाल्याच्या घरी यायला कुणी तयार नव्हतं.

मग विजिन आला. विजिन वासरांचा दलाल. सोयरीकही तोच जुळवायचा. आमच्याकडच्या बिनलग्नाच्या पुरुषांसाठी तो दक्षिणेतून, पार कालाब्रियातून मुली आणायचा.

"सेकोंदो, मुलगी आहे बघ," अंगणातूनच तो ओरडला. "रोक्किना नाव. सत्तावीस वर्षांची. बोर्मिदा नदीच्या पलीकडे नोतूकडे राहायला आलीय. तिची थोरली बहीण मीच दिली ना नोतूला. नोतू पंचावन्नचा, तोंडात चार दात, तरी ती नांदतेय. त्याच्यापुढे तू म्हणजे राजकुमार!"

"कधी येऊ?"

"जुलैत ये, द्राक्षांवर गंधक मारून झालं की. आणि तुझ्या हातची वाइन आण, दोन बाटल्या. नोतू माणसाला बघत नाही, बाटलीला बघतो."

ते खरंच होतं. आमच्याकडे घराची पारख बाटलीवरून होते. वाइन बाटलीत भरायची ती मार्चमध्ये, पौर्णिमेनंतरच्या उतरत्या चंद्रावर. चढत्या चंद्रावर भरली तर ती बाटलीत स्वस्थ बसत नाही, पुन्हा उकळ्या मारते, फसफसते. ज्याची वाइन फसफसली, त्याच्या घरात चंद्राकडे बघणारंही कुणी उरलेलं नाही, असं लोक समजतात.

त्या मार्चमध्ये चंद्र उतरत होता तेव्हा आई अंथरुणात होती. अमावस्येच्या चार दिवस आधी ती गेली. बाबा तळघराकडे फिरकेनात. शेवटी वीस तारखेला, सेंट जोसेफच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मी एकट्यानेच बाटल्या भरल्या. चंद्र चढत होता, ते मला ठाऊक होतं. पण पिंपाला आणखी थांबवलं असतं तर वाइन बिघडली असती. जुन्या बाटल्या आईच्या दिवसांना आणि देल्फिनाच्या लग्नाला संपल्या. हाताशी होत्या त्या ह्याच.

बाबांची काळी सायकल काढली. एकच गिअर, लोखंडी दांड्यांचे ब्रेक, वजन एखाद्या वासराएवढं. दोन बाटल्या पेंढ्यात गुंडाळल्या, वरून ओलं गोणपाट, आणि मागच्या कॅरिअरवर बांधल्या. पहाटे निघालो.

आमच्या मुलखात सायकल चालवणं म्हणजे अर्धा दिवस तिला ढकलणं. एक टेकडी चढून माथ्यावर पोचलं की पुढच्या चार दिसतात. मोरचूद मारून द्राक्षांच्या ओळी निळ्या झालेल्या, घरांच्या भिंतीही निळ्या. जिथे दोन वर्षांपूर्वी माणसं कामाला दिसायची, तिथे ओळींमध्ये गवत माजलेलं. तीन घरांशी पाणी प्यायला थांबलो, तिन्हींना कुलूप. चौथ्या घरी एक म्हातारी होती. तिने पाणी दिलं आणि पोलेंताचा, मक्याच्या पिठाच्या वडीचा, थंड तुकडाही दिला. मी खाऊन होईपर्यंत ती समोर उभी राहून मला बघत राहिली. कुणीतरी जेवताना बघायला मिळालं, म्हणून असेल.

उताराला ब्रेकचा भरवसा नव्हता. मी ओकची एक जाड फांदी तोडून दोरीने मागे बांधायचो. ती रस्त्यावर घासत यायची, धुरळा उडायचा आणि सायकल आवरायची. चढ आला की फांदी सोडायची, उतार आला की नवी तोडायची. रात्र एका गवताच्या गंजीत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्मिदा ओलांडली. गोणपाटाला हात लावला तर सुकून कडक झालेलं, बाटल्या कोमट. झऱ्यावर ते पुन्हा भिजवलं. हा झरा नोतूच्या टेकडीच्या पायथ्याशी, वळणावर आहे. तिथून त्याचं अंगण दिसतं.

विजिन मोटारसायकलवरून आधीच पोचला होता. टेबलावर पांढरं कापड घातलेलं. नोतूची बायको चुलीपाशी. रोक्किना कोपऱ्यात उभी होती, हात पुसत. सावळी, बुटकी, जाड भुवयांची. माझ्याकडे तिने सरळ बघितलं. आमच्याकडच्या मुली तसं बघत नसत.

"बस," नोतू म्हणाला. "आधी बघू काय आणलंस."

त्याने बुचावरची दोरी कापली. बूच सुटलं ते थेट छताला लागलं. फेस बाटलीबाहेर, टेबलावर, नोतूच्या सदऱ्यावर.

"अरे अरे! वाइन आणलीस की कपडे धुवायचा साबण?"

विजिन हसता हसता खोकायला लागला. "नोतू, सदरा धुतला गेला तुझा. लग्नानंतर पहिल्यांदाच!"

नोतू हसला नाही. "कोणत्या चंद्रावर भरलीस रे?"

"चढत्या."

"घरात कॅलेंडर नाही? खिडकी तरी आहे ना घराला? बाहेर बघायचं असतं."

रोक्किना पुढे आली. टेबलावरच्या फेसात तिने बोट बुडवलं आणि चाटलं. "नाकात गुदगुल्या होतात," ती म्हणाली. "मला आवडली."

"तू गप. तुला काय कळतंय? तुमच्याकडची वाइन चावून खावी लागते."

एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. 'त्या मार्चमध्ये आई वारली.' नोतूनेसुद्धा टोपी काढली असती आणि आपल्या हाताने मला पेला भरून दिला असता. ते वाक्य जिभेवर आलंही. पण आई पुढे करून बाटलीची माफी मागायची, तीही बायको मिळावी म्हणून, हे मला भीक मागण्यासारखं वाटलं. मी टोपी उचलली. रस्ता लांब आहे, म्हणालो. विजिनने बाही धरली, ती सोडवली.

अंगणात सायकलवर बसत होतो, तर रोक्किना दारात आली.

"फांदी बांधा," ती म्हणाली. "उतार मोठा आहे."

फांदी ओढत झऱ्याकडे उतरताना तिने मला अंगणातून बघितलं होतं तर. मी मागे वळलो नाही. फांदी बांधली नाही. कसा खाली पोचलो, देव जाणे.

महिन्याने बाजारात विजिन भेटला.

"गाढवा, तुला काय झालं होतं? ती मला विचारत होती, तो माणूस उठून का गेला? मी सावळी म्हणून? दक्षिणेची म्हणून? तिला काय ठाऊक चंद्राचं! समुद्रकाठची मुलगी ती."

"तू सांगायचंस ना."

"मी सांगितलं. ती म्हणाली, चंद्रासाठी कुणी उठून जात नाही. तूच जाऊन सांग."

पुढच्या जुलैत गेलो. झऱ्यापर्यंत पोचलो. वर अंगणात ती कपडे वाळत घालत होती. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पाणी प्यायलो, सायकल वळवली. त्याच्या पुढच्या जुलैतही तेच. मग बाबा गेले, आणि मी दर जुलैत, गंधक मारून झालं की, दोन दिवस जायचं, झऱ्यावर उभं राहायचं, दोन दिवस परत यायचं, असं करत राहिलो. पंचवीस जुलै. वाटेतली कुलपं वाढत गेली. पाणी देणारी म्हातारीही एका वर्षी नव्हती. रोक्किनाचं लग्न झालं नाही. नोतू गेला, तिची बहीण गेली. अंगणातल्या दोरीवर एकाच माणसाचे कपडे राहिले.

सातव्या वर्षी मला दुसऱ्याच्या शेळ्या राखायला ठेवलं होतं, त्यामुळे शाळा राहून गेली. साठाव्या वर्षी, १९८९-९० च्या हिवाळ्यात, नगरपालिकेने प्रौढांचा वर्ग काढला, तिथे मी अक्षरं शिकलो. शिकवणारी मुलगी म्हणाली, आता एक पत्र लिहा, ज्याला हवं त्याला. मी तीन संध्याकाळी खपून लिहिलं:

'बाई, ती वाइन चढत्या चंद्रावर भरली कारण त्या मार्चमध्ये माझी आई वारली. तुमच्यात काही दोष नव्हता. सेकोंदो.'

उत्तर दहा दिवसांत आलं. अक्षर पोस्टमनबाईचं होतं, कारण रोक्किनालाही लिहिता येत नव्हतं. मी बोट ठेवून वाचलं:

'पंचवीस वर्षं एक माणूस सायकल घेऊन झऱ्यावर उभा असतो. त्याला विचारा, ब्रेक बरोबर तिथेच लागतात का? वर यायचं असेल तर तीच वाइन आणावी. दुसरी बाटली मी तेव्हाच पिऊन टाकली.'

मार्चचा चंद्र चढायला लागला, तशी मी मुद्दाम दोन बाटल्या भरल्या. शेजारी म्हणाला, "म्हातारा भ्रमला." जुलैत निघालो. झऱ्यावर थांबलो नाही. उरलेला चढ सायकल ढकलत गेलो. बूच छताला लागलं, त्याच जागी, जिथे जुना डाग होता. रोक्किनाने फेसात बोट बुडवलं.

"त्या दिवशी तोंडाला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"लाज."

"इतकी?"

आम्ही बाटली संपवली. तिचं घर तिचं होतं, माझी ओळींतली कामं माझी होती, आणि एकत्र राहायची सवय दोघांनाही नव्हती. संध्याकाळी निघालो तेव्हा तिने स्वतः फांदी तोडून माझ्या सायकलला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

असे सहा जुलै झाले.

रोक्किना सोमवारी, १२ फेब्रुवारी १९९६ रोजी, न्यूमोनियाने वारली. पोस्टमनबाईने पत्र लिहून कळवलं. ते मी स्वतः वाचलं.