बावन्नावं खोकं

तीन वाजता सुनेने खुंटीकडे हात नेला. पट्टी गायब!

कारखान्यात कोळंबीचा प्रत्येक ट्रे धातू पकडणाऱ्या यंत्रातून जायचा, मग कोळंबी खोक्यात भरली जायची. यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला सून दर तासाला तांदळाएवढा पोलादी मणी बसवलेली पट्टी त्यातून सरकवायची. यंत्र ओरडलं की पट्टी परत खुंटीला. दोनला मात्र तिने ती यंत्राच्या पलीकडच्या उघड्या खोक्यावर टेकवली होती. का, तर तिथे खोकी भरणाऱ्या सासूबाई ओरडल्या होत्या, "अगं, टोपी सावर, केस दिसतायत!"

त्यानंतर शहाऐंशी खोकी बंद झाली होती. चारला गाडी सुटणार होती. शिवाय आज साहेबांची सही झाली, तरच तिची नोकरी कायम होणार होती.

ती थेट साहेबांकडे गेली. "साहेब, पट्टी कुठल्यातरी खोक्यात गेलीय. चूक माझी."

साहेबांनी सरकता पट्टा थांबवला. "सगळी खोकी यंत्रातून काढा."

"घरी किल्ल्या, इथे पट्टी," सासूबाई खोकी उचलता उचलता म्हणाल्या. "एक दिवस मलाच कुठेतरी ठेवून विसरशील."

"तुम्ही ओरडून सापडाल हो!"

अकराव्या खोक्याला यंत्र किंचाळलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी खोकं फोडलं. आत पट्टी नव्हती. कोळंबीवर एक सेफ्टी पिन चमकत होती.

कारखान्यात पिनेला सक्त बंदी. सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाईंचा हात हळूच एप्रनच्या तुटक्या बंदाकडे गेला.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खी रांग. सासूबाईंनाही आवरेना, त्या खोक्यावरच बसल्या.

बावन्नाव्या खोक्यात पट्टी मिळाली. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

"पट्टी हरवली नसती, तर पिन कुणाच्या तरी ताटात गेली असती," साहेब म्हणाले. "उद्यापासून बंद खोकीसुद्धा तपासायची. आणि तुम्ही येऊन सांगितलंत, म्हणून सही करतोय. पण आधी चुकांच्या वहीत दोघींची नावं लिहा."

सुनेने पेन उचललं.

"माझं नाव वर घाल," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "वयाने मी मोठी आहे."