बावन्न वेढे

एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. फरहानाचा उजवा हात दांडा फिरवत होता, डाव्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सुटत होती आणि लाकडी फर्म्यावर वेढ्याला लागून वेढा बसत होता.

"फरहाना, बारा-तेराचा पाना कुठी ठेवला?"

दांडा थांबला. पाना कलीम मिस्तरीच्या गुडघ्याशीच पडला होता. तिने उठून तो बापाच्या हातात दिला आणि परत स्टुलावर येऊन फर्म्याकडे बघत बसली. एकेचाळीस झाले होते की बेचाळीस? आठवेना. तिने तार उलटी सोडवायला घेतली. सकाळपासूनची ही चौथी खेप होती.

"काय झालं?" कलीमने मान वर न करता विचारलं.

"गिनती गेली."

"जाऊ दे ना. जुनी तार हाय, तिच्यासाठी कायले जीव काढून राह्यली? सुट्टीत आली हायेस. अम्मीसंग बाजारात जा, झोप काढ."

घरात हिंदी आणि दुकानात वऱ्हाडी, असा त्या कुटुंबाचा शिरस्ता होता. त्यामुळे बापलेकही दुकानाचा उंबरा ओलांडला की आपोआप भाषा बदलत. आर्णीच्या बसस्टँडमागे पत्र्याचं हे दुकान बावीस वर्षं उभं होतं. जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि नवी तार भरून परत विहिरीवर जायच्या. त्या वर्षी तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वीज बारा बारा तास जायची, आणि यायची तीही इतकी मरगळलेली की मोटारी गुरगुरून गुरगुरून जळायच्या. पाऊस पोळ्यानंतर गेला तो फिरकला नव्हता. पेपरात जिल्ह्याचं नाव रोज असायचं, आणि चांगल्या कारणासाठी एकदाही नसायचं. लोक पेपर वाचून घडी घालून ठेवत आणि मोटार कधी मिळते ते विचारायला दुकानात येत.

फरहाना यवतमाळच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात वीस मुलं, ती एकटी मुलगी, आणि सगळ्यांत मिळून एक मोटार. मुलं मोटार भरायची आणि फरहानाच्या वाट्याला वही लिहिणं यायचं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षराचा तिला त्या दोन वर्षांत मनापासून कंटाळा आला होता.

सुट्टी लागायच्या दिवशी धरमसिंग सरांनी तिला थांबवून घेतलं होतं. सुट्टीनंतरच्या सोमवारी नागपूरच्या कारखान्याचे लोक येणार होते. शिकाऊ उमेदवारांच्या दोनच जागा. एकेकाला एक मोटार द्यायची, एकट्याने भरायची आणि चालवून दाखवायची. "तुह्या बापाचं दुकान हाय," सर म्हणाले होते. "सुट्टीत एक मोटार तरी आपल्या हातानं पुरी भरून ये. नाहीतर तिथंही वहीच लिहशील."

यंदा दिवाळी आणि ईद चार दिवसांच्या अंतराने आल्या. फराळाची ताटं तिकडून इकडे आली, शिरखुर्म्याचे डबे इकडून तिकडे गेले, आणि बघता बघता सुट्टीचे सहा दिवस उरले. मोटार मात्र हाती लागली नव्हती. तिने दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा कलीम एकच बोलला होता.

"लोकाची मोटार शिकायसाठी नसते, बेटा."

खोटं काही नव्हतं त्यात, म्हणून तर तिला भांडताही आलं नाही. ती जुनी तार सरळ करून फर्म्यावर घालत होती, आणि दर दहा मिनिटांनी दुकानात कुणाला तरी काहीतरी हवं असायचं.

तिच्या मनाला खरं लागायचं ते वेगळंच. मिस्तरी गिनतीत असला की बोलायचं नाही, हा त्या दुकानाचा कायदा सगळ्या आर्णीला ठाऊक होता. दांड्याचा कुरकुर आवाज ऐकू आला की गिऱ्हाईक बाहेरच्या बाकड्यावर गुमान बसायचं. सलाम केला तर जवाब कॉइल पुरी झाल्यावर मिळायचा. एकदा तहसीलच्या साहेबाची गाडी येऊन हॉर्न वाजवत राहिली, कलीमने मान वळवली नाही. फरहाना जन्मली तेव्हा भाचा बातमी घेऊन धावत आला होता, तर कलीमने आधी कॉइल पुरी केली आणि मग तो अनवाणी दवाखान्यात पळाला. ती मोटार अजून चालते, असं कलीम छाती फुगवून सांगायचा. त्यावर रौशन, फरहानाची आई, ठसक्यात म्हणायची, "मोटार याद है, बीवी का हाल नहीं पूछा था."

हा कायदा फक्त मिस्तरीच्या गिनतीला होता. पोरीच्या गिनतीत पाना मागता यायचा.

दुपारी ऑटोत टाकून वामनराव आपली मोटार घेऊन आला. महागाव रस्त्याला त्याचं शेत होतं, आणि त्या विहिरीवरची मोटार वीस वर्षांत कलीमखेरीज कुणी उघडली नव्हती. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर कलीमला सोपं गेलं असतं.

"मिस्तरी, तेरा दिवसांत जळाली. तुह्या हातची मोटार अशी कधी जळली नाही."

"लाइन खराब हाय, वामनराव. वोल्टेजच भेटत नाही."

"लाइन तं सगळ्याइले सारखीच हाय. किसनरावची चालून राह्यली ना बाजूले." वामनरावाने टोपी काढून घाम पुसला. "सीतादही झाली, दहीभाताचा निवद दाखवला, कापसाचा पयला वेचा घरात आला. दुसऱ्या वेच्याची बोंडं झाडावर हायेत. पाणी नाही भेटलं तं पऱ्हाटी वाळते. परवा येतो. जमन?"

"जमन," कलीम म्हणाला. वामनराव निघून गेल्यावर त्याने मोटार फिरवून पाहिली. मग म्हणाला, "फरहाना, खोल हे. जुनी तार काढून ठेव. मी नमाज पढून येतो."

तार काढणं हे छिन्नी-हातोडीचं काम, ते तिला मिळायचं. तिने एकेक कॉइल तोडून बाहेर काढली आणि तुटलेल्या तारांची टोकं मोजली. तसं सांगितलं नव्हतं कुणी. वही लिहिणाऱ्या हाताची खोड. बावन्न. बावन्न. बावन्न. दहाव्या कॉइलपर्यंत बावन्नच. अकरावीत शेचाळीस निघाले.

तिने परत मोजले. मग उजेडात नेऊन तिसऱ्यांदा मोजले. शेचाळीस.

एका कॉइलीत वेढे कमी पडले की तीच आधी तापते आणि मोटार जळते. पण अब्बाची कॉइल सहा वेढ्यांनी कमी? दिवस पश्चिमेला उगवला म्हणून कुणी सांगितलं असतं तर तिने आधी त्यावर विश्वास ठेवला असता. ती बोटांवर दिवस मोजू लागली. मोटार तेरा दिवस चालली, त्याआधी दोन दिवस विहिरीवर नेऊन बसवायला. म्हणजे भरली तो दिवस, ती यवतमाळहून आली तो.

आणि तिला सगळं लख्ख आठवलं. बसमधून उतरून ती बॅग घेऊन थेट दुकानात आली होती. तीन महिन्यांनी घरी येण्याच्या आनंदात कायदा विसरून दारातूनच ओरडली होती, "अब्बा, मी आली!" अब्बाचा हात दांड्यावर होता. आणि तरी तो वळून हसला होता. "आली का बेटा? बस लवकर भेटली?" तिला इतकं बरं वाटलं होतं की तिने ते रात्री जेवताना अम्मीला दोनदा सांगितलं होतं.

तिला गप्प राहता आलं असतं. जुनी तार भंगारच्या पोत्यात गेली असती आणि दोष लाइनला लागला असता. त्या वर्षी लाइनला इतके दोष लागत होते की त्यात आणखी एक खपून गेला असता. तिने ती जुडी पोत्यात टाकलीही. मग परत काढली. पांढऱ्या दोऱ्याने बांधून अब्बाच्या बैठकीपाशी ठेवली आणि उरलेल्या सातही कॉइली तोडून मोजल्या.

कलीम आला, बसला. जुडी त्याच्या हाताला लागली. हल्ली त्याचे डोळे पहिल्यासारखे राहिले नव्हते. तो अंगठ्याच्या नखाने एकेक तार बाजूला सारत मोजू लागला. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दुसऱ्या खेपेला त्याचे ओठ हलत होते.

"शेचाळीस," तो म्हणाला.

"हो."

"बाकीच्या?"

"सगळ्या बावन्न."

बाहेर यवतमाळची बस लागली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली, बस गेली.

"तू आलतीस त्या दिवशीची हाय हे," कलीम म्हणाला.

"मीच बोलली अब्बा. गिनतीत."

"तू बोलली. जवाब तं म्या देल्ला."

तो उठला. कपाटातून नव्या तारेचं रीळ काढलं, फडक्याने पुसलं आणि तिच्या स्टुलापाशी आणून ठेवलं.

"भर."

फरहानाला आधी कळलंच नाही. "लोकाची मोटार..."

"लोकाचीच हाय. म्हणून तं म्हणून राह्यलो, नीट भर."

संध्याकाळी तो चौकातल्या कॉइनबॉक्सवर गेला. फरहाना पलीकडच्या दुकानातून दुधाचं पाकीट आणायला निघाली होती, तिने ऐकलं. "वामनराव, लाइनीची चूक नाही. माही होती," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. परत येताना तो जरा वाकून चालत होता, पण दुकानात आल्यावर त्याने तिच्यासाठी दिव्याची वायर ओढून जवळ आणली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बसली. अठरा कॉइली भरायच्या होत्या. पहिल्या कॉइलीला तिचं अर्धं मन हाकेकडे होतं. आता पाना मागतील, आता चिमटा मागतील. हाक आली नाही. दुसरीलाही नाही. दुपारी रौशन डबा घेऊन आली तेव्हा दारातच थबकली, आणि नवऱ्याने गप्प राहायला खुणावायच्या आधीच तोंडावर ओढणी धरून हसत बाकड्यावर टेकली. वीज गेली, आली, परत गेली. हाताच्या दांड्याला विजेशी काही घेणंदेणं नव्हतं. कॉइली खिळ्यावर ओळीने लागत गेल्या आणि फरहानाचा खांदा असा भरून आला की घास तोंडापर्यंत न्यायला डावा हात वापरावा लागला. तिला इतकं सुख कोणत्याच सुट्टीत झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वेढे भरून झाले असते, पण दोन कॉइलींच्या तारेवरचा मुलामा खाचेत घासला गेला. कलीमने बोट फिरवून नुसतं दाखवलं. तिने निमूटपणे दोन्ही काढल्या आणि नव्या घालायला घेतल्या. वामनरावाला जबान दिलेली संध्याकाळ आलीच.

शेवटची कॉइल चालू होती. छत्तीस, सदतीस.

"मिस्तरी! झाली का मो..."

आवाज मधेच गिळला गेला. वामनराव वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दांड्याची कुरकुर कानावर पडताच त्याने जीभ चावली आणि चपला वाजू न देता बाकड्याकडे वळला. अडतीस, एकोणचाळीस. मग त्याला दिसलं की बाकड्यावर कलीमच बसला आहे.

"आबे," तो कुजबुजला, "तू तं इथं हायेस. मंग अंदर कोन गिनून राह्यलं?"

कलीमने ओठांवर बोट ठेवलं.

"मिस्तरी," तो म्हणाला.

आतली कुरकुर थांबली. एकेचाळीस होते की बेचाळीस? फरहानाने फर्म्याकडे पाहिलं, पण तार एकाची दोन दिसत होती. तिने बाहीने डोळे पुसले आणि तार उलटी सोडवायला घेतली.

उलट्या दांड्याचा आवाज वेगळा असतो. तो बाहेर बसलेल्या माणसाला न कळण्यासारखा नव्हता. काय झालं, असं कुणी विचारलं नाही. कलीमने फक्त बाकड्यावर थोडं सरकून वामनरावाला जागा केली.

"बसा," तो हळूच म्हणाला. "जरा येळ लागन. पयल्यापासून हाय."

वामनराव टोपी मांडीवर ठेवून बसला. आत तार ताठ झाली. एक. दोन. तीन.