कुठेच न जाणारा पाइप

धाड्! धाड्धाड्धाड्!

मशीनने पाणी भरून घेतलं, आतल्या आत खट्कन नळ बंद केला आणि मावशीच्या खोलीतला पाइप असा काही भिंतीवर आपटला की स्वयंपाकघरातल्या कपबश्यासुद्धा दचकल्या. शिट्टीने पोळीचा घास तोंडात तसाच धरून ठेवला. एक, दोन, तीन... चौथ्याला मावशीच्या खोलीचं दार उघडलं.

"झोपले नव्हतेच मी," मावशी म्हणाली. डोळे सुजलेले, केस एका बाजूला चपटे. "पडले होते नुसती."

खोटं! साफ खोटं! शिट्टीला ते लगेच कळलं, कारण मावशी खोटं बोलताना नेहमी छान हसायची.

मावशी लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स होती, कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी यायची आणि दिवसा झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. दीड वर्षापूर्वी घरात नवं वॉशिंग मशीन आलं आणि त्याच महिन्यापासून पाइपांनी हे आपटणं सुरू केलं. मशीन कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. एक प्लंबर आला, त्याने भिंतीकडे बघून मान हलवली आणि "जुनी लाइन, असं व्हायचंच" एवढं बोलून चहा पिऊन गेला. मशीन रात्री लावून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरचे काठीने छत ठोकायला लागले. आणि दिवसा लावणं टाळावं म्हटलं, तर मावशीचेच पांढरे कपडे रोज धुवायचे असायचे! घरातले नळ मात्र सगळे जण तिजोरी फोडणाऱ्या चोरासारखे बंद करत, श्वास रोखून, इंचाइंचाने. पण मशीनला हे कोण शिकवणार?

आणि सगळ्यात जास्त कुणाच्या नाकी नऊ आले असतील तर शिट्टीच्या. तिचं नावच मुळी आवाजावरून पडलेलं. दिवसभर आपलं, "शिट्टी, हळू!", "शिट्टी, मावशी झोपलीय!" वर्गात ती आता हात वर करून धडाधड उत्तरं द्यायची, वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि घरी मात्र कुजबुज! तरी तिची तक्रार नव्हती. शिट्टी दुसरीत असल्यापासून मावशी त्यांच्याकडे राहत होती. तिला सायकल मावशीने शिकवली होती, वाद घालायलाही मावशीनेच.

त्या दिवशी मावशी ओट्याला टेकून उभी राहिली आणि हसायचं विसरली.

"ताई, मी हॉस्पिटलच्या वसतिगृहात खोली मागितलीय," ती आईला म्हणाली. "मिळाली. रविवारी जाते."

"अगं, वेडी का काय तू!"

"काल माझ्या हातून औषधाची बाटली सुटली. डोळे उघडे होते माझे, ताई, तरी सुटली. जमिनीवर पडली म्हणून निभावलं. उद्या चुकून दुसरंच औषध उचललं तर? तिकडे पाळण्यात हाताएवढी पोरं असतात गं."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. घास गिळता गिळता शिट्टीने ठरवून टाकलं: रविवारच्या आत हा पाइप गप्प झाला पाहिजे. बस्स!

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती नळाच्या सामानाच्या दुकानात शिरली. दुकानदाराने तिचं धाड्धाड् साभिनय ऐकून घेतलं आणि एक नंबर लिहून दिला. "आवाजाचं काम ना? मग काकूच. पण फोन करू नकोस, त्या उचलत नाहीत. मेसेज टाक."

एवढा कसला तोरा, असं शिट्टीला वाटलं. पण मेसेजला पाच मिनिटांत उत्तर आलं: 'शनिवार, सकाळी सात. चहा नको.'

शनिवारी सातच्या ठोक्याला दारात एक धिप्पाड बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पॅंट-शर्ट, खांद्यावर अवजारांची पिशवी आणि पांढऱ्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल! शिट्टी बघतच राहिली. मग तिने काकूंकडे पाठ करून, आत चालत चालत सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली.

"ए बाळ, तोंड इकडे," काकू म्हणाल्या. "उजवा कान बावीस वर्षांत कारखान्याच्या बॉयलरने खाल्ला. डावा अर्धा उरलाय. मी ओठ वाचते."

आई आणि बाबा एकमेकांकडे बघायला लागले. बाबा मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "आवाज शोधायला आल्यात, आणि ऐकूच येत नाही. छान!"

"काय म्हणालात? मिशी फार आहे तुमची, ओठ दिसत नाहीत." काकू शिट्टीकडे वळल्या. "तू सांग गं. तुझं तोंड कसं छान उघडतं, शब्द न् शब्द दिसतो."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिट्टीच्या तोंडाचं कौतुक केलं होतं! तिने मान ताठ केली आणि घरचं दुभाषेपण आपल्याकडे घेतलं.

काकूंनी पिशवी उघडलीच नाही. मावशीच्या रिकाम्या खोलीत गेल्या, कपाट सरकवलं, मागे भिंतीवरून गेलेल्या लोखंडी पाइपवर दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटले. "आता मशीन लावा. नळ उघडा, बंद करा. रोज करता तसं. माझ्याकडे बघू नका."

धाड्धाड्! काकूंचे हात हलले. वीतभर पुढे सरकले. पुन्हा धाड्धाड्! पुन्हा वीतभर. डॉक्टर तापलेल्या पोराच्या पोटावर हात ठेवून दुखरी जागा शोधतात ना, अगदी तसं. पाऊण तास! बाबा घड्याळ बघून थकले. शिट्टी मात्र हरखून गेली होती. दीड वर्ष ते सगळे कानांवर हात ठेवून पळत होते, आणि या बाई आवाजाला हाताने धरून त्याच्यामागे चालल्या होत्या.

"हा बघ." काकूंनी शिट्टीचा तळवा पाइपवर दाबला. "इथे नुसतं थरथरतंय. आणि इथे?"

"इथे ठोसा बसतोय!"

"भिंतीला धरून ठेवणारी पट्टी तुटलीय. पाइप मोकळा सुटलाय, म्हणून भिंतीवर डोकं आपटतोय."

त्यांनी नवी पट्टी लावली, मधे रबराचा जाड तुकडा घातला, स्क्रू आवळले. मशीन पुन्हा लावलं. पाणी भरलं, खट्कन बंद झालं आणि... धडक्! एकच, लहानशी. पण झोपेतल्या माणसाला पुरेल एवढी.

काकूंना ती ऐकू आली नव्हती. त्या पाइपकडे बघतही नव्हत्या. त्यांची नजर शिट्टीच्या चेहऱ्यावर होती.

"नाही गेला ना?"

शिट्टीने नाही म्हणून मान हलवली. तिला रडूच यायला लागलं होतं. आठ वाजले होते, तासाभरात मावशी हॉस्पिटलातून येईल, आणि उद्या रविवार.

"अर्धवट निदान केलं मी," काकू बिनधास्त म्हणाल्या. ना लाजल्या, ना चिडल्या. "आपटत होता इथे, पण त्याला ढकलतंय कोण, ते बघितलंच नाही. चला, उगमाकडे."

पाइपवर हात ठेवूनच त्या पॅसेजमधून स्वयंपाकघरात आल्या आणि सिंकच्या वरच्या कपाटासमोर थांबल्या. हे कपाट म्हणजे बाबांचा जीव की प्राण. दोन महिन्यांचे सगळे रविवार घालवून स्वतःच्या हाताने बनवलेलं, कोपऱ्यांना गोलाई दिलेलं, आल्यागेल्याला दाखवायचं कपाट. काकू खाली वाकल्या, सिंकमागे बॅटरी मारली.

"इथे वर जाणारा एक उभा पाइप होता. हातभर लांब, वरून टोपी लावलेला. कुणी काढला?"

आईने हळूच बाबांकडे पाहिलं.

"मी," बाबा म्हणाले. मग आठवण होऊन मिशी दोन बोटांनी वर धरून पुन्हा म्हणाले, "मी काढला. कपाट बसत नव्हतं. आणि तो पाइप कुठेच जात नव्हता हो! वर नुसताच बंद. म्हटलं, कशाला हवाय?"

"कुठेच जात नव्हता, तेच तर त्याचं काम!" काकूंना एकदम रंग चढला. "त्यात हवा होती. पाणी धावत येतं, नळ अचानक बंद होतो. मग धावणाऱ्या पाण्याने काय करायचं? ते या पाइपात घुसायचं, हवा दबायची, मऊ उशीवर पडावं तसं थांबायचं. तुम्ही उशीच काढून घेतलीत. कधी?"

"मशीन आणलं त्याच महिन्यात," आई म्हणाली, आणि तिने कपाळाला हात लावला. "आणि आम्ही दीड वर्ष त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या घालतोय!"

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. शिट्टीला त्यांची दया आली, रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

"पाइप परत बसवते," काकू म्हणाल्या, "पण त्याला वर जागा लागेल. कपाटाच्या तळाला भोक पडेल. मधल्या फळीलासुद्धा. चालेल?"

बाबांनी कपाटाकडे पाहिलं. गोल कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग आतले डबे एकेक करून खाली उतरवले, स्वतःची करवत आणली आणि म्हणाले, "मीच पाडतो. कुठे, तेवढं खूण करा."

काकूंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून गोल आखला. शिट्टीला बाबांचाही त्या क्षणी इतका अभिमान वाटला की तिने त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

मग कामाला काय वेग आला! मोठा कॉक बंद केला, सगळे नळ उघडून लाइन रिकामी केली. काकूंनी बाबांनी लावलेलं बूच काढलं, नव्या पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि पाइप सरळ उभा आवळला. "रिकामाच लावायचा," त्या शिट्टीला सांगत होत्या. "हवा कोंडून राहिली पाहिजे. वर्षा-दोन वर्षांनी ती पाण्यात विरते. तेव्हा अशीच लाइन रिकामी करायची, की पुन्हा भरते. जमेल तुला?"

"जमेल!" शिट्टी ओरडली. कुणीही हळू म्हणालं नाही.

तेवढ्यात मावशी आली. पाय ओढत सरळ खोलीत गेली आणि अंथरुणावर कोसळली. दार लोटलं गेलं. आता खरी परीक्षा.

दहा मिनिटांनी बाबांनी मशीनचं बटण दाबलं. तिघं दाराबाहेर एका रांगेत उभे राहिले. पाणी भरायला लागलं. खट्कन बंद झालं.

काही नाही.

खरंच काही नाही! काकू तिघांचे चेहरे आळीपाळीने वाचत होत्या. आईचा जीव भांड्यात पडलेला त्यांना दिसला, बाबांची मिशी रुंदावलेली दिसली, आणि शिट्टी तर दोन्ही हातांनी तोंड दाबून जागच्या जागी उड्या मारत होती.

"गेला," काकू म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

बाबांचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी मशीन दुसऱ्यांदा लावलं. मग तिसऱ्यांदा. मळके कपडे संपले, मग चादरी, मग पडदे, मग कपाटातले स्वच्छ टॉवेल. स्वयंपाकघराचा नळ चक्क खाडकन बंद करून पाहिला. मावशीच्या खोलीतून फक्त घोरणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत. शिट्टीने काकूंना मेसेज केला: 'अजून झोपलीय! बाबा चौथ्यांदा मशीन लावतायत.' उत्तर आलं: 'वडिलांना आवर. पडदे फाटतील.'

चार वाजले, पाच वाजले. साडेसहाला दार धाडकन उघडलं. "किती वाजले? उठवलं का नाही मला कुणी?" मावशी केस सावरत ओरडली. तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा लांबलचक वळ उमटला होता. "आणि आज मशीन लावलंच नाही का?"

आईने नुसतं बोट दाखवलं. गॅलरी, खिडक्या, खुर्च्यांच्या पाठी, जिथे बघावं तिथे कपडे वाळत होते.

मावशीने ते सगळं पाहिलं. पडदे पाहिले, टॉवेल पाहिले, तळाला भोक पडलेलं कपाट पाहिलं. मग खुर्चीवरचा ओला पलंगपोस बाजूला करून बसली आणि वसतिगृहाला फोन लावला.

"हो, तीच. नऊ नंबरची खोली... नको आहे आता, दुसऱ्या कुणाला तरी द्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मावशी थांबली, आणि तिच्या त्या सुजऱ्या, टवटवीत तोंडावर हसू पसरत गेलं. "कारण? लिहा ना... घरी झोप लागते."