खंडेनवमीला केबिनमध्ये

खंडेनवमीच्या दिवशी हत्याराला हात लावू नये, एवढं सांगून शास्त्र मोकळं होतं. हात मोकळे राहिलेला माणूस काय काय घोळ घालू शकतो, याचा विचार शास्त्रानं केलेला दिसत नाही. मुलुंडच्या सहदेव परबांचा तर मुळीच केलेला नाही.

सहदेव म्हणजे निवृत्त फिटर. साठी ओलांडलेला, आणि पोट त्याच्याही चार पावलं पुढे. उन्हाळ्यात त्यानं कुर्ल्याच्या भंगार गल्लीतून एक जुनाट पिकअप गाडी उचलून आणली. गाडी आपली म्हणायची, कारण ती चार वेगवेगळ्या टेम्पोंवर लादून आली होती. ड्रायव्हर बसतो ती केबिन तेवढी अख्खी होती. ती सोसायटीच्या मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली विटांवर ठेवली, आणि सहदेव तिच्या मागे लागला. आधी सीट काढली, मग छताचं अस्तर, वायरी, डॅशबोर्ड. रंग खरवडायला घेतला तर निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा निळा. ही केबिन एका नव्या चासीच्या सांगाड्यावर चढवायची, मागे सागवानी बाक ठोकायचे, शेजारी रुक्मिणीला बसवायचं आणि स्वतः चालवत कुडाळ गाठायचं, असा त्याचा बेत होता. या बेतापायी तो इतका खूश होता की झोपेतही पॉलिश पेपर घासल्यासारखे हात हलवायचा.

बघायला येईल त्याला तो केबिनच्या टपावर थाप मारून दाखवायचा. "आवाज ऐक! आत्ताच्या गाड्यांना असला पत्रा मिळतो काय? लोखंड आहे लोखंड!" थाप नेहमी टपावरच पडायची. खाली, पाय ठेवायच्या जागी, त्यानं फळी टाकली होती, फळीवर गोणपाट टाकलं होतं, आणि त्याखालच्या पत्र्याबद्दल तो मूग गिळून गप्प होता.

रुक्मिणीनं एवढे महिने सहन केलं. पण लेकीचं लग्न ठरायच्या बेताला आलं तसा तिचा सूर बदलला. दिशानं पवईच्या आपल्या ऑफिसातला अनय सामंत पसंत केला होता. दसऱ्याला साखरपुडा उरकायचा, पण त्याआधी अनयची आई नवमीला घर बघायला येणार होती. मृणालिनी सामंत बोरिवलीच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीची बातमी त्यांच्या भुवयांपर्यंत अजून पोचलेली नव्हती.

"ऐका," रुक्मिणी म्हणाली, "त्या खटाऱ्यापायी पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात उभा असेल. मग रडायचं नाही."

सहदेवनं मान डोलावली. रुक्मिणी बोलते ते करते, हे त्याला पस्तीस वर्षांच्या संसारात चांगलंच कळलं होतं.

नवमीच्या सकाळी तिनं घरातली झाडून सगळी हत्यारं धुतली, पुसली आणि पाटावर मांडली. पाने, हातोड्या, कानशी, ग्राइंडर, वर स्वयंपाकघरातली विळी आणि सुऱ्यासुद्धा. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. भाजी तिनं आदल्या दिवशीच चिरून ठेवली होती. आता उद्यापर्यंत परबांच्या घरात नख सोडून धारदार असं काही नव्हतं.

पाहुणे अकराला येणार होते. सहदेव दहालाच नवा पांढरा झब्बा-लेंगा घालून तयार. बसून बसून बसणार किती? हाताला काम नाही म्हणजे त्याला अंगात मुंग्या आल्यासारखं व्हायचं. नुसता बघून येतो, असं मनाशी म्हणत तो खाली गेला. नुसता बसून बघतो, म्हणत केबिनमध्ये शिरला. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. आणि मग त्याला दाराचा मोह झाला.

त्या दाराचं लॉक पार जाम झालेलं होतं. आठवडाभर तेल पाजून, कानशीनं घासून त्यानं ते आदल्याच संध्याकाळी चालू केलं होतं. दार लावलं की असा काही घसघशीत आवाज यायचा की ऐकत राहावं. सहदेवनं डोळे मिटले आणि दार ओढून घेतलं.

धप्प. वा!

डोळे उघडले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आतलं हँडल आपण मागच्या सोमवारीच काढलंय. बाहेरचंही काढून पॉलिशला दिलंय. हँडलच्या जागी उरलंय एक चौकोनी भोक, आणि त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून पिळल्याशिवाय हे दार उघडत नाही. स्क्रू ड्रायव्हर पाटावर, झेंडूखाली.

दुसरं दार तर आणलं तेव्हापासून गंजून बसलेलं. खिडक्यांच्या काचा दोन्हीकडे अर्ध्यावर अडकलेल्या. त्यानं अर्ध्या काचेवरून डोकं बाहेर काढून बघितलं, मग एक हात, मग दुसरा. पोटानं साफ नकार दिला. पुढची काच फोडायची तर तसली काच सबंध मुंबईत मिळाली नसती. सहदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात धम्मपाल कांबळे दुधाची पिशवी घेऊन येताना दिसला. धम्मपाल शेजारच्या इमारतीतला, कारखान्यात सहदेवच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला असायचा, आणि तेव्हापासूनचा जिगरी दोस्त.

"धम्या! ए धम्या! इकडे ये, ओरडू नको."

"ओरडतोयस तू," धम्मपाल म्हणाला. "आणि आज कामाला बसलास? वहिनी सोडतील काय?"

"काम नाही रे, अडकलोय! तुझा तो लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आण ना."

"माझा? माझी सगळी पेटी मे महिन्यापासून तुझ्याकडे आहे."

सहदेवची नजर वर घराच्या खिडकीकडे गेली.

"म्हणजे माझे पाने पण पाटावर?" धम्मपालनं विचारलं. "मला न विचारता पूजेला बसवलेस?"

"तुझे-माझे वेगळे कसे काढणार यार? वर जा ना, काहीतरी थाप मारून एक घेऊन ये."

धम्मपाल गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. हातात घावणे आणि नारळाच्या रसाची बशी होती.

"स्क्रू ड्रायव्हर?"

"माझाच आहे म्हणून मागितला. वहिनी म्हणाल्या, भावजी, पाटावर मांडलं ते देवीचं, उद्या आरतीनंतर न्या. आणि हे हातात ठेवलं." त्यानं घावण्याचा तुकडा मोडला. "आता मी काय देवीशी भांडू? आमचा तर परिचयही नाही."

मग चमचा घालून बघितला, तो वाकला. सोसायटीच्या गेटची किल्ली घातली, ती भोकात गोल गोल फिरली. धम्मपालनं बशी खिडकीतून सहदेवला दिली. "थांब, नाक्यावरून नवा घेऊन येतो. हा गेलो आणि हा आलो."

तो गेला, आणि त्याच फाटकातून पांढरी गाडी आत आली. पाहुणे लवकर आले होते. अनयनं रिकामी जागा बघून गाडी नेमकी केबिनला खेटून लावली, आणि मृणालिनीबाई उतरल्या. फिक्या मोतिया रंगाची साडी, हातात ओल्या टिश्यूंचं पाकीट.

सहदेव डब्यावर अंग चोरून बसला. श्वाससुद्धा बेतानं घेत होता. मृणालिनीबाई गंजक्या केबिनकडे बघत थांबल्या, पुढे झाल्या, वाकल्या आणि त्यांनी खिडकीतून आत डोकावलं. गप्प बसला असता तर कदाचित निभावलंही असतं. पण माणूस कोकणातला. दाराशी पाहुणा आला की तोंड आपोआप उघडतं.

"या, या! बसा ना!" सहदेव म्हणाला.

बाई दोन पावलं मागे सरल्या. "आपण?"

"मी दिशाचा बाबा. घावणे घेणार?"

रुक्मिणी पाहुण्यांना आणायला जिन्यावरून उतरत होती, मागे दिशा. खिडकीत नवऱ्याचं डोकं दिसताच ती जागच्या जागी थिजली. "देवा रवळनाथा! तुमका कळना नाय काय?" एवढंच तिच्या तोंडून आलं. एरवी पाहुण्यांपुढे ती मालवणी बोलत नसे.

सहदेवनं अडकल्याची हकिकत सांगितली. सांगताना तो रुक्मिणीकडे बघत नव्हता. तिची मान हळूहळू खाली जात होती, आणि प्रत्येक इंचाबरोबर त्याला कुडाळचा रस्ता दूर दूर जाताना दिसत होता.

"मग एक हत्यार आणा, उघडा दार. त्यात काय?" अनय म्हणाला.

रुक्मिणीनं वर घराकडे बघितलं, खाली नवऱ्याकडे बघितलं. देवी की नवरा, अशी तिची ओढाताण चालली होती. कौल कुणाला गेला असता सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मृणालिनीबाईंनी हात वर केला.

"मुळीच नाही! मांडलेलं उचलायचं नाही. आमच्याकडेही नाही उचलत. उद्यापर्यंतचा तर प्रश्न आहे."

"उद्यापर्यंत?" सहदेव खिडकीतून म्हणाला.

"हवा खेळती आहे," बाईंनी तपासून सांगितलं. "बोलणी इथेच करू. खुर्च्या आणा."

आणि खरोखरच खुर्च्या आल्या. बदामाच्या झाडाखाली, केबिनभोवती अर्धवर्तुळात. चहा आला. सहदेवचा कप अर्ध्या काचेवरून आत गेला. साखरपुड्याला माणसं किती, अंगठी कुठल्या बोटात, जेवणात वडे की पुऱ्या, सगळी बोलणी रीतसर झाली. वड्यांच्या बाजूनं सहदेवनं आतून इतकं जोरात बोलून घेतलं की टप घुमला. वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. रुक्मिणी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. सहदेवला वाटलं, संपलं, आता परवा सोमवारी भंगारवाल्याला सुट्टी असली तरी तो येईल. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. गाडीसाठी तर होतंच, पण त्या खाली गेलेल्या मानेसाठी जास्त.

"मला मुलगी पसंत आहे," शेवटी मृणालिनीबाई म्हणाल्या. "दिशा, मोठ्यांना नमस्कार कर. आधी बाबांना."

दिशा केबिनच्या दारापाशी येऊन वाकली. आत सहदेवचं मन भरून आलं. लेकीच्या डोक्यावर बसल्या बसल्या हात कसा ठेवायचा? तो उभा राहिला. खिडकीतून हात लांब करायला म्हणून एक पाय फळीवरून खाली टाकला, गोणपाटावर, नुसत्या पत्र्यावर.

पत्रा कुरकुरला. मग पापडासारखा मोडला. फळी कलंडली, डबा घरंगळला, चहाचा कप गेला, आणि सहदेव परब "सुखी रा..." म्हणता म्हणता फूटभर खाली गेले. तांबड्या गंजाचा लोट उठला आणि मृणालिनीबाईंच्या मोतिया साडीवर शांतपणे बसला. धुरळा खाली आला तेव्हा खिडकीत सहदेवचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते, आणि केबिनच्या खाली, विटांच्या मधोमध, दोन पाय उभे होते. नव्या लेंग्यातले.

मग खिडकीतून एक हात वर आला, चाचपत चाचपत दिशाच्या डोक्यावर टेकला आणि आतून आवाज आला, "...हा."

मृणालिनीबाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. अनयला वाटलं त्यांना ठसका लागला. पण त्या हसत होत्या. ओला टिश्यू तोंडावर दाबून, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. आईला इतकं हसताना अनयनं कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं. "साखरपुडा उद्याच. फक्त यांना आधी अंघोळ घाला."

सहदेव सरपटत खालून बाहेर आला, तो धम्मपाल धावत आत शिरला. हातात नवाकोरा स्क्रू ड्रायव्हर, त्याला हळदकुंकू लावलेलं. "दुकानदार पूजा केल्याशिवाय देईना रे!" तो धापा टाकत म्हणाला, आणि नखशिखांत तांबड्या झालेल्या मित्राकडे बघून स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला.

पाहुणे जेवून गेले. दिशा त्यांना पोचवायला त्यांच्याच गाडीतून नाक्यापर्यंत गेली, धम्मपाल उरलेले घावणे घेऊन घरी गेला. सहदेव केबिनपाशी एकटाच उभा होता. पाठीमागून रुक्मिणी आली. हातात झाडू आणि सुपली. खाली बसून ती केबिनखालचा गंजाचा ढीग मुकाट्यानं भरू लागली.

"खालचा पत्रा गेलेला होता," सहदेव चाचरत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"रोज पहाटे तुम्ही उठायच्या आत खाली येऊन कोण झाडतं इथे?" रुक्मिणी म्हणाली. "रोज सुपलीभर पडतो. लोकांनी बघून तुम्हाला हसू नये म्हणून."

नाकात गंज गेल्यामुळे सहदेवला शिंक आली. "मग... भंगारवाला?"

तिनं सुपली भरून कडेला ठेवली, हात झटकले आणि त्या मोडक्या पत्र्याच्या भोकातून वाकून वर केबिनमध्ये बघितलं.

"माझी सीट डावीकडची ना?" तिनं विचारलं. "मग उद्या आरती झाली की आधी तिथला पत्रा बसवा. मी कुडाळपर्यंत पाय वर घेऊन बसणार नाही."