मोकळा हात

कपड्यांचं मशीन थांबलं आणि पीं पीं करून ओरडायला लागलं. दुपारचं घर इतकं गप्प होतं, की मी आधी बाळाच्या कानावर तळहात ठेवला. त्याने झोपेतच ओठ हलवले, एक सुस्कारा टाकला आणि ते पुन्हा गाढ झोपलं. बाळ डाव्या कुशीत होतं, म्हणजे उजवा हात मोकळा. मोकळा हात गप्प बसत नाही, तो फोनकडे गेला.

'कूस' काढून टाकलं होतं.

लोक जिथून ते आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यायचे, तिथून निरोप आला होता. पेटंट ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने तक्रार केली आहे, म्हणून तुमचं ॲप आजपासून बंद. सोबत पेटंटचे कागद. संशोधक म्हणून त्यावर एकच नाव होतं. माझ्या दादाचं.

'कूस' म्हणजे फार मोठं काही नव्हतं. थोरली झाली तेव्हा मला दिवस कळत नव्हता की रात्र. मागच्या वेळी बाळाला कुठल्या बाजूला घेतलं होतं ते काही केल्या आठवायचं नाही. एकदा मी रडायलाच लागले, तेव्हा आईने स्वतःच्या केसांचं रबर काढून माझ्या मनगटात अडकवलं. "पाजून झालं की या हातातून त्या हातात. तुम्हा दोघांच्या वेळी मी हेच केलं." ते रबर मी दोन दिवसांत हरवलं. पण मी प्रोग्रॅमर. तेच मी फोनमध्ये बसवलं. एकदा बाजू सांगितली की पुढच्या वेळची बाजू फोनच सांगायचा, आणि पडद्यावरची सगळी बटणं जो हात मोकळा असेल त्याच्या अंगठ्यापाशी सरकायची. एवढंच. फुकट ठेवलं होतं. कुठल्या कुठल्या बाया लिहायच्या. जुळ्यांच्या एका आईने लिहिलं होतं, "तुम्ही मला तिसरा हात दिलात."

बाहेर काढण्याआधी ते मी दादाला दाखवलं होतं. आमच्या घरची रीतच तशी. शाळेतलं गणित असो की नोकरीचा अर्ज, "दादाने बघितलं का?" असं आई विचारणार, आणि दादाने बघितल्याशिवाय माझं काही उंबऱ्याबाहेर जायचं नाही. तो माझ्याच धंद्यातला, पण मोठ्या कंपनीत. त्या दिवशी तो पलंगाच्या कडेला बसला होता, आई दुपट्यांच्या घड्या घालत होती, आणि मी त्याला सगळं पहिल्यापासून उलगडून सांगत होते.

"एखाद्या मठ्ठ माणसाला सांगतेस तसं सांग," तो म्हणाला.

"म्हणजे तुला सांगते तसंच," मी म्हणाले, आणि आई दुपट्यात तोंड लपवून हसली.

निघताना त्याने बजावलं, "घाई करू नकोस. अजून कच्चं आहे. मी नीट तपासतो, मग बाहेर काढ." मी थांबले. त्याने सांगितलं म्हणून थांबले. आता कागदावरची तारीख बघते तर त्याचा अर्ज त्याच थांबण्याच्या दिवसांतला.

मी फोन लावला.

"तुला पण गेलं होय ते?" दादाचा आवाज नेहमीचाच, कामाच्या गडबडीतला. "अगं चिमणे, ते आमचे वकील पाठवतात. सरसकट. नाव कोण बघतंय? मी बोलतो त्यांच्याशी. तुला परवानगी देतील, फुकटात."

"माझ्याच गोष्टीची परवानगी?"

"तुझी कशी? तूच म्हणायचीस ना, यात काय एवढं, कुठल्याही बाईला सुचेल?"

"म्हणायचे."

"मग? कुणालाही सुचण्यासारखं असेल, तर मी तुझं काय घेतलं? आणि नसेल, तर पेटंट मिळालं ते बरोबरच आहे की."

लहानपणीही तो असाच भांडायचा. दोन्ही बाजूंनी मलाच गप्प करायचा.

"तू मला थांबायला सांगितलंस, दादा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडे दरवर्षी प्रत्येकाने काहीतरी नवं द्यायचं असतं. त्या वर्षी माझी पाटी कोरी होती. वाटलं, वकील त्याचं काहीतरी अगम्य करून ठेवतील आणि ते पडून राहील. बहुतेक पडूनच राहतात."

"मला सांगायचं तरी."

"सांगणार होतो."

"कधी? थोरलीचा दुधाचा दात हलायला लागलाय."

त्यावर तो हसला. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते, ती वकील आहे. संध्याकाळी बाळाला खांद्यावर टाकून मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या उभ्या तिने कागद वाचले.

"'व्यग्र बाहूवरील भाराची दिशा निश्चित करण्याची पद्धत.' भार म्हणजे?"

"हा," मी खांद्यावरच्याला थोपटलं.

"वा रे भार! आई नाही, बाळ नाही, दूध नाही. काय धुऊन काढलंय!" मग तिने कागद खाली ठेवले. "हे बघ, रद्द करून घ्यायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे, हे तू केलंस आणि त्याने तुझ्याकडून नेलं. दुसरी, यात नवीन काही नाहीच. रबर जे करत होतं तेच फोनने केलं. दुसरी वाट सोपी. पण दोन्हींसाठी तुझी आई लागेल. रबर तिचं, आणि त्या खोलीत तिसरं माणूस तीच."

मी मान हलवली, पण दुसरी वाट गळ्याखाली उतरेना. सुचलं असेल सगळ्यांना. थोरलीला एका हातात धरून दुसऱ्या हाताने, एकेक अक्षर शोधत, ते लिहीत कोण बसलं होतं? त्याबद्दल त्या कागदांत काही नव्हतं, आणि दुसरी वाट धरायची तर मलाही ते बोलून चालणार नव्हतं.

आई दादाकडेच असते. दुसऱ्या दिवशी, तो कामावर गेल्यावर तिला फोन केला.

"आई, फक्त दोन गोष्टी लिहून द्यायच्या. रबराचं तू शिकवलंस. आणि मी दादाला सगळं समजावलं तेव्हा तू तिथे होतीस."

मागे भांडी वाजत होती, ती थांबली.

"तुम्ही काय बोलत होतात ते मला नाही बाई आठवत."

"मी बोलत होते एवढं तरी? तू हसलीस, आई. मठ्ठ म्हटल्यावर."

 बाळाला निजवताना काढते त्या मऊ आवाजात ती म्हणाली, "त्याची नोकरी जाईल गं. तुझं काय जातंय? तू फुकटच देत होतीस ना?"

मी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"रबराचं देते लिहून," तीच पुढे म्हणाली. "सगळ्याच बायका करतात ते. त्यात दादाचं नाव नाही ना येत?"

"नाही येत."

"मग पाठव कागद. आणि जेवलीस का?"

म्हणजे पेटंट जाईल. 'कूस' परत येईल. आणि त्यात माझं असं काही नव्हतंच, हे माझ्या आईच्या सहीने ठरेल. मी हो म्हणाले. जेवले, असंही म्हणाले.

थोरली दारात उभी होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"आजी रागावली?"

"नाही."

"मग तू?"

"थोडीशी. मामाने माझी एक वस्तू न विचारता घेतली."

ती जमिनीवर बसली आणि मोजा ओढायला लागली. हे तिच्या रोजच्या व्यवहारातलं. रंगखडूंवरून तिच्या वर्गात असे खटले सारखे चालतात. टाच काही जागेवर बसेना. तिने तो काढला, उलटा केला, पुन्हा चढवला आणि मान वर केली.

"आई, मामाने विचारलं असतं, तर तू दिली असतीस?"