जिन्याखालची अक्षरं

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी धाकटीने आपल्या वर्गातलं कपाट उघडलं, तर आतला एकही खण तिच्या ओळखीचा राहिला नव्हता. तिची पत्र्याची डबडी नव्हती, बटणांच्या पिशव्या नव्हत्या, खरखरीत पॉलिश पेपर कापून चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली इंग्रजी अक्षरं नव्हती. त्यांच्या जागी चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खोकी एकावर एक रचून ठेवली होती. प्रत्येक खोक्यावर चष्मा लावलेलं एक घुबड दात काढून हसत होतं. आत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणि शब्दावर टेकवलं की तो शब्द बोलून दाखवणारं पेन.

शिपाईमामा फळा पुसत होते. त्यांनी मागे न बघताच सांगून टाकलं, "जिन्याखाली ठेवलंय सगळं. सुपरवायझर मॅडमनी सांगितलं."

सुपरवायझर मॅडम म्हणजे धाकटीची थोरली जाऊ. घर एक, स्वयंपाकघर एक आणि शाळाही एक. घरी थोरली तिला "अगं" म्हणायची आणि ती थोरलीला "वहिनी". शाळेच्या फाटकातून आत शिरलं की दोघीही "मॅडम" व्हायच्या आणि एकमेकींना अहो-जाहो करायच्या. सुरुवातीला या नाटकाचं त्यांना हसू यायचं. थोरली सुपरवायझर झाली आणि हसू हळूहळू आटत गेलं.

धाकटी जिन्याखाली गेली. झाडू, फिनेलचे कॅन, ओली फडकी, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी तिचं सामान. एकेका आवाजाचं एकेक डबडं होतं. 'बी'च्या डबड्यात बटण, बेल, बॉल. 'पी'च्या डबड्यात पेन, पिन, पेन्सिलीचा तुकडा. मागचा 'ॲट' तसाच ठेवून पुढचं अक्षर उलटायच्या वह्या होत्या. पान उलटलं की कॅटची हॅट व्हायची, हॅटची मॅट व्हायची, आणि मुलं खदखदून हसायची. त्या वह्यांना आता फिनेलचा वास येत होता. पुठ्ठा ओला होऊन फुगला होता. नवरा झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून कापलेली अक्षरं होती ती. बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते.

ती तशीच वर ऑफिसात गेली.

"मॅडम, माझं सामान न विचारता हलवलंत."

थोरलीने पेनचं टोपण लावलं. "कपाट शाळेचं आहे, मॅडम."

"सामान माझं होतं."

"म्हणूनच हलवलं." थोरलीचा आवाज अजिबात चढला नाही. "तुमच्या पत्र्याच्या डबड्याने गेल्या वर्षी एका मुलाचं बोट कापलं. पालक मला विचारतात, एवढी फी घेता आणि पोरांना चपलांच्या खोक्यांवर शिकवता? तुम्ही आजारी पडलात तेव्हा बदलीच्या बाईंना त्यातलं काही उमगलं नाही. वर्ग नुसता बटणांशी खेळत बसला. एका बाईच्या डोक्यात जे आहे त्यावर शाळा चालवता येत नाही."

यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

"त्या बोलक्या पेनने मुलं वाचायला शिकणार नाहीत," धाकटी म्हणाली. "ऐकायला शिकतील."

"त्याचं प्रशिक्षण झालं सुट्टीत. तुम्ही आला नाहीत."

"मला कुणी कळवलं नाही."

"नोटीस लावली होती." थोरलीने समोरचा कागद ओढून घेतला. बोलणं संपलं होतं.

नोटीस सुट्टीत, बंद शाळेच्या भिंतीवर लावली होती. दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच ओट्यावर भाजी चिरत होत्या, आणि थोरलीने तोंडाने एक शब्द सांगितला नव्हता. हे धाकटीने मनात नीट घडी घालून ठेवलं.

त्या दिवसापासून घरातही "तुम्ही" सुरू झालं. "मीठ तुम्ही घातलंत का?" "गॅस बंद करा, मी निघाले." दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, जेवताना मान खाली घालून बसत. धाकटीच्या नवऱ्याने एकदा "जाऊ दे ना" म्हणून बघितलं. त्यावर धाकटीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने पुन्हा त्या वाटेला जायचं नाव काढलं नाही.

थोरलीची मुलगी याच वर्षी धाकटीच्या वर्गात आली होती. गोल गालांची म्हणून घरात सगळे तिला गोटी म्हणत. धाकटी पहिलीतली आपली तुकडी दुसरीतही पुढे नेत असे, पण गेल्या वर्षी गोटी पहिलीच्या दुसऱ्या तुकडीत होती, त्यामुळे काकूची डबडी तिने फक्त दुरून पाहिलेली. थोरलीने घुबडवाल्या संचातली गोष्टींची पुस्तकं आणि एक बोलकं पेन घरीच आणून ठेवलं. संध्याकाळी गोटी जेवणाच्या टेबलाशी बसायची, पेनचं टोक शब्दांवर टेकवायची आणि पेन बोललं की त्याच्यामागून बोलायची. महिना झाला नसेल, तोवर ती अख्खी पुस्तकं घडाघडा म्हणू लागली. पेन नसलं तरी.

"बघितलंत?" थोरली एकदा म्हणाली. समोर कुणीच नव्हतं, धाकटी तेवढी भांडी पुसत होती. "चपलांच्या खोक्यांवाचून."

धाकटीने बघितलं होतं. तिला शिकवून इतकी वर्षं झाली होती की मूल वाचताना डोळे कुठे ठेवतं ते तिला न बघताही कळायचं. गोटीचे डोळे चित्रावर होते. एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली, तरी गोटी मधल्या पानावरचं सगळं बिनचूक म्हणत पुढे गेली. समोर कुत्रा होता आणि ती बदकाबद्दल बोलत होती. मग अडखळली, चित्राकडे पाहून दचकली, आणि तिने पान मागे उलटलं. तिने हळूच काकूकडे बघितलं. काकूने पाहिलंय का, हे तिला बघायचं होतं.

धाकटीने ताटली जागेवर ठेवली आणि काही बोलली नाही.

बोलायला हवं होतं. कुठल्याही दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ती दुसऱ्याच दिवशी आईला बोलावून म्हणाली असती, हिला वाचता येत नाही, पाठ आहे, आपण बसू या. इथे तिला पहिल्यांदा बरं वाटलं. हातात काहीतरी आलं होतं.

पालकांना वर्ग दाखवायचा दिवस ठरला. संस्थेचे अध्यक्ष येणार होते, मुख्याध्यापक येणार होते. दुसरीच्या वर्गात मागे खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीभर घुबडं लावली होती. थोरलीने संचाची माहिती सांगितली, पेन कसं चालतं ते दाखवलं, आणि मग गोटीला पुढे बोलावलं. गोटीने बदकाची गोष्ट म्हणून दाखवली. आवाज चढवत, थांबत, शेवटच्या ओळीला हसत. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "वा, फारच छान."

मुख्याध्यापकांनी विचारलं, "वर्गशिक्षिका काही सांगणार का?"

धाकटी उठली. "सांगत नाही, दाखवते," ती हसून म्हणाली. तिने फळ्यावर त्याच गोष्टीतले शब्द घेऊन एक लहानसं वाक्य लिहिलं. फक्त क्रम बदलला. चित्र नव्हतं.

"गोटी बाळा, हे वाच बरं."

गोटीने फळ्याकडे पाहिलं. मग काकूकडे. तिला काय चाललंय ते कळलं होतं, आणि काकूलाही कळलं की तिला कळलंय. ती गोष्टीची पहिली ओळ म्हणू लागली.

"नाही, ते नाही. फळ्यावरचं," धाकटी म्हणाली. "काही घाई नाही. पहिला शब्द कोणता?"

गोटीने वेणीचं टोक तोंडात घातलं. मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. पेन टेबलावर पडलं होतं. गोटीचा हात आपोआप तिकडे गेला आणि परत आला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यानंतर धाकटीने गेल्या वर्षी आपल्याच वर्गात डबड्यांवर शिकलेल्या, कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीला बोलावलं. ती मुलगी शब्दांखाली बोट धरून, अक्षराला अक्षर जोडत, चाचपडत का होईना, शेवटपर्यंत गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पालकांची कुजबुज सुरू झाली. थोरली पुढे आली, गोटीचा हात धरला आणि फक्त एवढंच म्हणाली, "मॅडम, झालं ना तुमचं?"

दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी धाकटीचं सामान कपाटात परत आणायला सांगितलं. शिपाईमामांनी डबडी पुसून आणली. घुबडांची खोकी जिन्याखाली गेली.

त्याआधी, वर्ग दाखवला त्याच संध्याकाळी, घरी स्वयंपाकघरात थोरली ओट्याला टेकून उभी होती. दिवा लावलेला नव्हता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी "तू" आलं होतं.

"हो."

"कधीपासून?"

"पुस्तकं घरी आणलीत, त्यानंतर महिन्याभरात."

"आणि तू वाट बघत बसलीस."

"वहिनी, तुम्ही माझं सगळं फडक्यांखाली टाकलंत. एका शब्दाने विचारलं नाहीत."

"पुठ्ठा होता तो," थोरली म्हणाली. "भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचंस. ती तासभर बाथरूमचं दार उघडत नव्हती."

धाकटीजवळ उत्तरं तयार होती. इतक्या दिवसांत तिने ती कितीतरी वेळा मनात घोळवली होती. ती पुढे झाली आणि तिने नुसता दिवा लावला.

गोटीला दुसऱ्या तुकडीत घातलं. महिन्याभरात स्वयंपाकघरही वेगळं झालं. थोरलीने मागच्या खोलीत ओटा बांधून घेतला आणि मधलं दार बंद झालं. धाकटीने एकदा अंगणात गोटीला गाठलं. "माझ्याकडे येतेस का जरा? आपण गंमत म्हणून अक्षरं खेळू." गोटी मागे सरकली. "तू परत सगळ्यांना सांगशील," ती म्हणाली आणि आत पळाली. आवाजात राग नव्हता. माहिती दिल्यासारखं बोलली.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर थोरली वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"ती पॉलिश पेपरची अक्षरं लागतील. घरी."

"मी शिकवते तिला, वहिनी. रोज बसते."

"नको. कसं करायचं तेवढं सांगा."

धाकटीने खोकं काढलं. फुगलेल्या पुठ्ठ्यांमधली त्यातल्या त्यात चांगली अक्षरं निवडली. बोट अक्षरावरून कसं फिरवायचं, अक्षराचं नाव न घेता त्याचा आवाज कसा म्हणायचा, 'टी' नाही आणि 'ट'ही नाही, नुसता पाय मोडलेला 'ट्', हे सगळं सांगितलं. थोरली उभ्यानेच ऐकत होती. दोनदा तिने तो आवाज काढून पाहिला. चुकला. धाकटीने दुरुस्त केला. ती खुर्चीवर बसली नाही आणि जाताना आभारही मानले नाहीत. धाकटीनेही माफी मागितली नाही. ओठांवर आली होती, पण थोरली तोवर पाठमोरी झाली होती.

वर्ष सरत आलं तेव्हा एका दुपारी धाकटी शाळेतून निघाली, तर पुढे मायलेकी चालल्या होत्या. औषधांच्या दुकानाशी गोटी थांबली आणि पाटीवरचे इंग्रजी शब्द वाचू लागली. एकेक आवाज सुटा करून, मग जोडून. एका शब्दाशी अडली. थोरलीने सांगितलेला उच्चार चुकीचा होता. गोटीने तो तसाच उचलला आणि पुढचा शब्द मात्र स्वतःच्या बळावर, कुणाकडे न बघता वाचला. थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

धाकटी मागेच थांबली. चुकलेल्या शब्दाचा बरोबर उच्चार तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्या दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाजूच्या एका बंद दुकानाच्या शटरकडे बघत उभी राहिली.