कुंदनची कुऱ्हाड आन् पूर्णेचा डोंगा

थांबा दोस्तहो, उठू नका, आधी माहं आयका. मी एक जुना डोंगा हावो. एकाच आंब्याच्या खोडातून कोरलेला, दर्यापूरच्या बाजूच्या एका गावातला, पूर्णा नदीचा. माह्या आंगावर जेवढे घाव हायेत तेवढे तुमच्या साऱ्या वर्गाले मिळून लागले नसतीन, आन् त्याचीच गोष्ट सांगून रायलो.

माहा जन्मच मारामारीतला. माहा मालक बुधाजी, त्यानं वावराच्या धुऱ्यावरचा आंबा पाडला, दोन सुतार लावले, आन् सुरू झालं ठाण ठाण. पयले कुऱ्हाड, मंग तासाले वाकस, मंग पोटात निखारे. जळालं का खरडाचं, खरडलं का आणखी निखारे. मी आतून काळाठिक्कर. मले वाटलं, हे लोक आता आपला जीवच घेतात. पण पाण्यात लोटलं तवा समजलं, अरे, हे तर मले तरंगाले रिकामं करून रायले होते. झाड असताना मले असं कधी वाटलं नव्हतं, खरंच सांगतो.

मंग काय इचारता. तवा पूल नव्हता. बायका, बकऱ्या, शाळेचे मास्तर, एकदा तर बाशिंग बांधलेला नवरदेव, सारे माह्याच पोटात बसून पलीकडं गेले. बुधाजीले दोन पोरं. मोठा कुंदन, लहाना धम्मदीप. धम्मदीप वल्हं मारे आन् कुंदन मले जपे. उन्हाळ्यात नदी आटे, पण डोहात पाणी राहे, तर मी तिथंच पडून राहो.

एका साली डोहही आटला. कुंदन म्हणे, बिचाऱ्याले उन्हात कसं ठेवू. त्याच्या घरी बैलगाडी होती, आन् गाडी कशी ठेवतात ते त्याले मालूम होतं: ढोराच्या कोठ्यात, सावलीत, एकदम कोरडी. तसंच त्यानं मले ठेवलं. रोज पुसलं, करडीचं तेल चोपडलं, चमकवलं. लोक म्हणत, डोंगा हाय का पोयाचा बैल? आन् कुंदन लाजून हासे. मी आतून फाटून रायलो होतो दोस्तहो. लाकूड सुकलं का फाटते. पण वरून तेल, तर दिसन कोणाले?

पाऊस आला, पूर्णा दोन्ही काठ सोडून वावरात शिरली. पलीकडं माणसं अडकली म्हणून धम्मदीपनं मले थेट कोठ्यातून पाण्यात घातलं. मधात गेलो आन् माही भेग तोंडावाणी उघडली. पाणी आत. त्यानं अंगातला सदरा काढून भेगीत कोंबला, पायानं दाबला, एका हातानं वल्हं मारलं. तेवढ्यात पुरात वाहात आलेली बाभूळ आमच्यावर आदळली. मी उलटा झालो. तो माह्या काठाले धरून होता, मंग एका हातानं धरून होता, मंग नव्हता.

तो मेलेला सापडला. मीही सापडलो. कुंदननं कुऱ्हाड आणली आन् साऱ्या गावासमोर मले मारलं, जसं माणसाले मारतात तसं. बुधाजीनं त्याचा हात धरला म्हणून वाचलो. पण सुटलो नाई. मले कोठ्यात म्हशीची गव्हाण केलं. म्हशी शिंगं घासत, लाता मारत. आन् दरवर्षी धम्मदीपच्या दिवसाले, तो गेला त्या तारखेले, कुंदन कोठ्यात ये, एक घाव घाले, निघून जाये. पूल झाला, बुधाजी गेला, घाव चालूच.

आता खरी गोष्ट. कुंदनची पोरगी संध्या. अमरावतीले कॉलेजात शिकते, पण घरी आली का म्हशीचं सारं तीच पाये. एका उन्हाळ्यात ती माह्यात सरकीची ढेप भिजवाले पाणी टाके, तर पाणी खाली गळून जाये. ती रोज शिव्या देई, रोज पाणी टाके. आठवड्याभरानं गळणं बंद. तिनं वाकून पायलं. ज्या भेगीत तिचं बोट जाये, तिथं आता नखही जाईना. ती तिथंच शेणात बसली. लाकूड भिजलं का फुगते, कोरडं पडलं का फाटते. तिच्या काकाले काहून मरण आलं, ते तिले समजलं होतं.

तिनं बापाले मले मांगितलं. कुंदन म्हणे, सिमेंटची गव्हाण आणतो, या साली धम्मदीपच्या दिवसाले डोंग्याचे तुकडे करून चुलीत घालतो, इषय संपला. संध्याले एकच वाटे, आपल्या बापानं मले एकदा तरंगताना पायलं तर त्याची कुऱ्हाड थांबन.

कुंदन बहिणीच्या घराच्या बांधकामासाठी अंजनगावले गेला, आन् संध्यानं शेजारची आरती बोलावली. आरती म्हणजे तोंडाचा पट्टा. आल्या आल्या माह्या आंगावर टकटक केलं, म्हणे, जयभीम डोंगेबुवा, तुमच्या या घावायत तर ज्वारी पेरता येते. दोघींनी मले गाडीवर टाकून नदीवर नेलं, तिथं पाण्यात ठेवलं, फुगू दिलं. कुऱ्हाडीच्या घावात कापूस कोंबला, वरून गरम डांबर. ते पोटात उतरलं का मी असा चरचरलो! समोरचं टोक चिरलं होतं, तर जुन्या चाकाची लोखंडी धाव कापून लहान करून आणली, गोवऱ्याच्या आरात लालबुंद केली, सांडशीनं धरली आन् माह्या नाकावर ठोकली. धूर, जाळ, आरतीची भिवई जळाली. मंग फस्सकन पाणी. लोखंड आवळलं, मी आवळलो, चीर मिटली. आरती म्हणे, आता याचं लग्न लावा, भिवई माही गेली.

धम्मदीपच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बांबू उभा केला, ताडपत्रीचं शीड बांधलं. पावसानं आन् बंधाऱ्यामुळं नदी तुडुंब होती. वल्हं पडलं आन् मी निघालो. मंग शिडात वारं भरलं. दोस्तहो, मले कधी कोणी ओढलं, कधी ढकललं, पण वाऱ्यानं उचललं ते पयल्यांदा. मी पळून रायलो होतो.

आन् काठावरून कुंदन पळून रायला होता. अंजनगावाहून घरी आला, रिकामी जागा पायली, कुऱ्हाड उचलली. मी काठाजवळून वळलो तसा छातीएवढ्या पाण्यात घुसला, एका हातानं माहा काठ धरला, दुसऱ्या हातानं घाव घातला. खालपर्यंत फाटलो. पाणी भसाभसा आत. आरती वल्ह्यानं त्याले दूर लोटे, तो हटेना. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली, तर संध्या त्या घावावर जाऊन बसली.

"मारा," ती म्हणे. "पण आयका. काकाले डोंग्यानं नाई मारलं बाबा. तुमी याले कोरडं ठेवलं, त्यानं मारलं."

कुऱ्हाड वरच रायली. वारं वाजून रायलं होतं.

"मले मालूम हाय," कुंदन म्हणे. "पयल्या दिवसापासून मालूम हाय."

त्याच्या हातातून कुऱ्हाड पाण्यात गेली. तेवढ्यात वाऱ्याचा झपका आला, मी खोल पाण्यात ओढल्या गेलो, आन् कुंदनचे पाय उचलले. त्याले पोहता येत नव्हतं. तो माह्या काठाले धरून होता. मंग एका हातानं धरून होता.

आरती दुसऱ्या बाजूले आडवी पडली, तोल सांभाळाले. संध्यानं बापाची मान धरली, कॉलर धरली, कॉलर फाटली, केस धरले. त्याचं तोंड माह्या लोखंडावर आपटलं, रक्त आलं, तरी तिनं सोडलं नाई. ओढत ओढत माह्या पोटात घेतलं. तो पाठीवर पडला, त्यानं केलेल्या भोकावरच. मंग तो हलला नाई. पाठीनं दाबून पडून रायला, रडून रायला, आन् दोघी गंजानं, म्हणजे पातेल्यानं, पाणी उपसून उपसून काठाले लागल्या.

दुसऱ्या दिवशी, धम्मदीपच्या दिवसाले, कुंदन आला. हातात काही नव्हतं, नाक सुजलेलं. त्यानं स्वतः डांबर गरम केलं, त्यानंच कापूस कोंबला. मंग नदीतले गोटे उचलून एक एक माह्या पोटात ठेवाले लागला. आरती म्हणे, बाप्पा, आता बुडवता का याले? कुंदन म्हणे, हो पोरी, काम नसलं का डोंगा असाच पाण्याखाली ठेवाचा असते, मंग लाकूड फाटत नाई.

तर दोस्तहो, आता मी डोहाच्या तळाले हावो. पोटात गोटे, आंगावर शेवाळ, मासे नाकातून जातात, गुदगुल्या होतात. माहं एवढंच म्हणणं हाय. एखाद्याले जपाचं असन, तर आधी त्याले इचारा, बाबा तुले काय लागते. तुमाले जे चांगलं वाटते ते त्याच्यावर चोपडू नका. आन् कधी पूर्णेवर आले, पाण्याखाली मी दिसलो, तर घाबरून ओढून काढू नका. मी बुडालो नाई. मी भिजून रायलो.